‘सर्व्हर डाऊन’ची पहिली खबर रांगेलाच का?

चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटी, किणये करीत बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयाला शहराची पहिली चाहूल पिरनवाडीत लागते. खानापूरकडून येणारा रस्ता इथेच येऊन मिळतो. एका अंगाला मच्छे आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा ‘ज्ञानसंगम’ परिसर, दुसऱ्या अंगाला उद्यमबागेतील कारखाने. ऑगस्ट २०२० मधील पुतळ्याच्या वादामुळे या गावाचे नाव काही दिवस दोन्ही राज्यांच्या बातम्यांत होते. त्या वादाच्या तुलनेत इथल्या रहिवाशाच्या रोजच्या जगण्याला भिडणारा आजचा प्रश्न अगदीच नीरस वाटेल: सरकारी सर्व्हर बंद पडला, तर तो पडल्याचे सर्वांत आधी कोणाला कळते?

आजचे प्रामाणिक उत्तर ‘खिडकीसमोरच्या रांगेला’ असे आहे. यंत्रणा चालवणाऱ्याला ते नंतर कळते, आणि तेही बहुधा कोणीतरी फोन करून ओरडल्यावर. सीमाभागात कन्नड, मराठी आणि कोकणी या तिन्ही भाषकांना अनुवादाशिवाय समजणारे सरकारी वाक्य एकच उरले आहे, ‘सर्व्हर डाऊन आहे’. संगणकांच्या जाळ्यावर आणि सर्व्हरवर एका ठिकाणाहून सतत लक्ष ठेवणारी केंद्रीय देखरेख यंत्रणा हवी, यावर कागदोपत्री कोणाचेच दुमत नाही. मात्र ती कशावर, कोठून आणि कोणाच्या जबाबदारीवर लक्ष ठेवणार, या मुद्द्यांची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

पिरनवाडी पूर्वी ग्रामपंचायत होती, आता ती नगरपंचायत आहे. कर्नाटकात ग्रामपंचायत हद्दीतील मिळकतींचे उतारे ‘ई-स्वत्तू’ प्रणालीत असतात आणि नगर संस्थांचे ‘ई-आस्थी’त. ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीखताच्या नोंदणीला ई-खाते आवश्यक झाले. नोंदणी होते ती २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कावेरी २.०’ या संकेतस्थळावरून, आणि शुल्क भरले जाते ‘खजाने-२’ या कोषागार प्रणालीतून. म्हणजे एका गुंठ्याच्या व्यवहारासाठी तीन स्वतंत्र प्रणाली एकाच वेळी जिवंत असाव्या लागतात. प्रत्येक प्रणाली शंभरपैकी ९९ तास चालते असे मानले आणि त्यांची पडझड वेगवेगळ्या वेळी होते असे धरले, तर तिन्ही एकत्र चालू असण्याचे प्रमाण ९७ टक्क्यांवर येते. वर्षाच्या ८,७६० तासांत ते सुमारे २६० तास बंद, असा त्याचा अर्थ. प्रत्येक खाते आपापल्या अहवालात ९९ टक्के लिहून निर्धास्त राहते. तीन टक्क्यांची बेरीज मात्र मुंबई-पुण्याहून रजा काढून सहीसाठी आलेल्या भावंडांच्या वाट्याला येते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘कावेरी २.०’वर ‘डीडॉस’ हल्ला झाला आणि राज्यभरातील नोंदणी कार्यालयांचे काम खोळंबले. अशा हल्ल्यात कुलूप फोडले जात नाही. दारासमोर इतकी खोटी गर्दी उभी केली जाते की खऱ्या माणसाला आत शिरताच येऊ नये. बनावट खाती उघडण्यात आली होती. ६२ ईमेल खाती आणि १४ आयपी पत्ते वापरून ही गर्दी घडवल्याचे समोर आले. एका घटनेत अवघ्या दोन तासांत ६ लाख २० हजार विनंत्या प्रणालीवर आदळल्या. याहून महत्त्वाचा तपशील आदल्या महिन्याचा आहे. डिसेंबर २०२४ मध्येच बोजादाखल्याच्या शोधाची रहदारी नेहमीच्या आठपट झाली होती. खूण दिसत होती. ती दिसल्यावर कोणी, किती तासांत, काय करायचे हे ठरलेले असते, तर जानेवारीचा फटका कितपत बसला असता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

देखरेख म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ‘सेंट्रल मॉनिटरिंग’ म्हटले की अनेकांना फोनवरचे संभाषण ऐकणारी केंद्र सरकारची यंत्रणा आठवते. तिचा या विषयाशी संबंध नाही. इथे माणसांवर नव्हे, यंत्रांवर लक्ष ठेवायचे असते. सर्व्हर, राऊटर, स्विच, बॅटरी, वातानुकूलन या सगळ्यांना दर मिनिटाला विचारणा करायची: आहेस का, किती भार आहे, डिस्कमध्ये किती जागा उरली, शेवटचा बॅकअप कधी झाला, रात्री कोणी आत येण्याचा प्रयत्न केला का. उत्तरे एका जागी साठवायची आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की इशारा द्यायचा. यंत्रांशी असा संवाद साधण्याचा ‘एसएनएमपी’ हा संकेत १९८८ पासूनचा. नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथिअस यांसारखी साधने मुक्त स्रोत आहेत, परवान्याचा खर्च नाही. एका मध्यम क्षमतेच्या संगणकावर शेकडो यंत्रांची नोंद ठेवता येते. म्हणून निधीअभावी देखरेख नाही, ही सबब फारशी टिकत नाही. खर्च आहे तो इशारा वाचणाऱ्या माणसाचा, आणि नेमकी तीच ओळ निविदेत सापडत नाही.

यंत्रणा कोठून पाहते, हा याहून नाजूक मुद्दा. पिरनवाडीच्या कार्यालयातील संगणकापासून बेंगळुरूच्या राज्य डेटा सेंटरपर्यंतचा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहा. हेस्कॉमची वीज, ती गेल्यावर टिकायला हवी ती यूपीएसची बॅटरी, भिंतीवरचा धुळीने माखलेला राऊटर, रस्ता रुंदीकरणाच्या खोदाईत केव्हाही तुटू शकणारी फायबरची तार, मग जिल्ह्याचे केंद्र, मग राज्याचे जाळे, आणि शेवटी सर्व्हर. देखरेखीचा पडदा डेटा सेंटरमध्येच बसवला असेल, तर तो शेजारच्याच खोलीतील सर्व्हरला विचारतो आणि हिरवा दिवा दाखवतो. सर्व्हर खरोखर चालूच असतो. इकडे मधली तार तुटलेली असते आणि कारकून प्रामाणिकपणे ‘सर्व्हर डाऊन’ म्हणत असतो. दोघेही खरे बोलत असतात. तरी काम होत नाही ते नाहीच. तक्रार वर गेल्यावर ‘आमच्याकडे सर्व काही सुरळीत आहे’ असे उत्तर येते ते यातूनच, आणि ते ऐकून माणूस अधिकच संतापतो.

यावरचा इलाज लहान आहे. प्रत्येक नागरी कार्यालयात तळहाताएवढा एक स्वस्त संगणक ठेवायचा. त्याने दर पाच मिनिटांनी नागरिकासारखेच ते संकेतस्थळ उघडायचे, पान यायला किती सेकंद लागले ते मोजायचे, आणि जमेल तेव्हा, प्रसंगी मोबाइलच्या जाळ्यावरून, ती नोंद केंद्राला पाठवायची. मग केंद्राच्या नकाशावर पिरनवाडीचा ठिपका लाल होतो, मच्छेचा हिरवा राहतो, आणि दोष कोणत्या टप्प्यात आहे हे फोनाफोनीशिवाय कळते. केंद्रीय देखरेखीची कसोटी मी तरी इथेच लावीन: ती टोकावरून पाहते की केवळ स्वतःच्या खोलीतून?

सेवा पुरवठादारांचे करार या कसोटीवर तपासण्यासारखे आहेत. ‘९९.५ टक्के उपलब्धता’ हा आकडा वाचायला भरघोस वाटतो, पण त्यात वर्षाला ४३ तासांहून अधिक काळ बंद राहण्याची मुभा असते. पूर्वनियोजित दुरुस्ती बहुधा त्यातून वगळलेली असते. मोजमाप कोण करणार, हे पुष्कळदा पुरवठादाराच्याच साधनावर सोडलेले असते. परीक्षार्थीने स्वतःच्या उत्तरपत्रिकेला गुण द्यावेत, तसाच हा प्रकार. शिवाय ते ४३ तास केव्हाचे? पहाटे तीनचे, की मार्चअखेरीस मुद्रांक शुल्क भरण्याच्या गर्दीतले? सरासरीला तास सगळे सारखेच.

बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी मोहिमेच्या पहिल्याच यादीत आले. पणजीची निवड त्याच वर्षी मे महिन्यात झाली. मोहिमेतील शंभरही शहरांत एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, चौकाचौकांतील कॅमेऱ्यांची चित्रे, पाहुण्यांना दाखवायला सोयीची खोली. त्यांचा वाहतुकीला आणि पोलिसांना उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु या कक्षांचा रोख रस्त्यावरून चालणाऱ्या नागरिकाकडे आहे. ज्या सर्व्हरवर त्या नागरिकाचा उतारा, कर आणि जन्मदाखला आहे, त्याच्याकडे तितका नाही. पिरनवाडी तर महापालिकेच्या हद्दीबाहेरची. तिच्या वाट्याला ती भिंतही येत नाही.

हा शेजारघरचा प्रश्न आहे असे गोव्यातील वाचकाला वाटत असेल, तर जून २०२२ आठवावा. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातील डोंगरांत, पिरनवाडीहून जांबोटीच्या दिशेने गेल्यावर लागणाऱ्या त्याच पट्ट्यात. तिथे कोसळणारा पाऊस काही तासांत सत्तरीत पोचतो. गोव्याच्या जलस्रोत खात्याने प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी पूर-देखरेख केंद्रे बसवली आहेत, ती याच धास्तीने. पाण्याची पातळी, पाऊस अशी माहिती ती डेटा सेंटरमधील सर्व्हरला पाठवतात. २१ जून २०२२ रोजी, ऐन पावसाळ्यात, मध्यरात्रीनंतर त्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. सर्व फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या उघडून देण्यासाठी बिटकॉइनची मागणी करण्यात आली. खात्याने सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. देखभाल हैदराबादच्या एका खासगी कंपनीकडे होती. चोवीस तास चालू असलेली इंटरनेट जोडणी, विषाणूरोधक सॉफ्टवेअरचा अभाव आणि जुनाट फायरवॉल ही कारणे तेव्हा पुढे आली.

या घटनेतील विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ही देखरेखीचीच यंत्रणा होती. नद्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हरवर मात्र कोणाचे लक्ष नव्हते. विषाणूरोधक सॉफ्टवेअर नसणे किंवा फायरवॉल जुनी होणे हा एका रात्रीत घडणारा अपघात नव्हे. साध्यात साधी देखरेख प्रणालीही अशी उणीव रोज सकाळी लाल अक्षरांत दाखवते. ती महिनोन्‌महिने कोणाच्या पडद्यावर येत नसेल, तर एकतर पडदा नव्हता किंवा पाहणारा नव्हता. त्या वर्षी पुराचा इशारा हवा असताना सर्व्हर गप्प राहिला असता, तर गांजे-उसगावच्या माणसाला त्याचे तांत्रिक कारण समजून काय मिळाले असते?

पाहणारा असूनही काय होऊ शकते, याचे उदाहरण बेंगळुरूतच आहे. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीच्या संगणकांवर लक्ष ठेवणारी एक तुकडी २०१३ मध्ये बेंगळुरूत बसत होती. नोव्हेंबरअखेर तिच्या पडद्यावर इशारा आला, तिने तो मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे कोणी हालचाल केली नाही आणि सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. तुकडीचे काम चोख होते. पण इशारा मिळाल्यावर तार तोडण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. रोज शेकडो खोटे इशारे येत असतील, तर खरा इशाराही त्यांच्यात बुडून जातो, हेही त्यामागचे वास्तव आहे. म्हणून देखरेख बसवल्यानंतरचे पहिले वर्ष मर्यादा नीट लावण्यात, निरर्थक इशारे काढून टाकण्यात जाते. उद्घाटनाच्या फितीबरोबर ते काम संपत नाही.

मराठी वाचकाला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. सुमारे दोन तासांत २८ देशांतील एटीएममधून ७८ कोटी रुपये काढले गेले. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळते झाले. चोरट्यांनी बँकेच्या मूळ प्रणालीला हात लावलाच नाही. मंजुरी देणारा एक बनावट दुवा मध्येच उभा केला. व्यवहारांची विचारणा बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे आतल्या पडद्याला सारे शांत दिसत होते. पुन्हा तोच धडा: आतून हिरवे, बाहेर आग. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सहकारी बँका आणि पतसंस्थांचे जाळे दाट आहे. जुलै २०२४ मध्ये एका तंत्रसेवा कंपनीवरील हल्ल्यामुळे देशातील सुमारे तीनशे छोट्या बँका देयक व्यवस्थेपासून काही काळ तोडाव्या लागल्या, तेव्हा परक्याच्या सर्व्हरवर आपण किती विसंबून आहोत, हे सहकारी बँकांच्या संचालक मंडळांना कळायला हवे होते.

केंद्रीकरणाचा धोकाही दडवून ठेवण्यासारखा नाही. सर्व किल्ल्या एका जुडग्यात ठेवल्या की चोराचेही काम सोपे होते. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेला सोलरविंड्सचा प्रकार याचे सर्वांत बोचरे उदाहरण. कंपनीचे ‘ओरायन’ हे उत्पादन होते तेच मुळी जाळ्यांवर केंद्रीय देखरेख ठेवण्याचे. हल्लेखोरांनी त्याच्या अद्ययावत आवृत्तीत आपला कोड मिसळला आणि सुमारे १८ हजार ग्राहकांनी तो विश्वासाने उतरवून घेतला, अमेरिकी सरकारच्या खात्यांसह. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्यतनाने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तिथे तर हल्लेखोरही नव्हता. यावरून देखरेख नको असा निष्कर्ष काढणारे काढतील. माझ्या मते निष्कर्ष वेगळा आहे. देखरेख प्रणालीला यंत्रांची स्थिती वाचण्याचा अधिकार असावा, त्यांत बदल करण्याचा नसावा. तिचे स्वतःचे जाळे वेगळे असावे. आणि ती पडली, तर ते सांगणारा दुसरा कोणी असावा. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, तेव्हा जाळ्याचे विभाजन नीट नसल्याचे कारण सरकारने संसदेत सांगितले. एका खोलीतील आग सगळ्या घरात पसरायची नसेल, तर भिंती लागतातच.

कायद्याची चौकट तयार आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे, नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत, आणि सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची अट किरकोळ वाटते. पण दोन सर्व्हरच्या वेळेत चार मिनिटांचा फरक असेल, तर हल्ला कोठून कोठे गेला याचा माग लावताना तपास अधिकारी हतबल होतो. सहा तासांची मुदत ‘लक्षात आल्यापासून’ मोजली जाते, हे विशेष. ज्याच्याकडे देखरेख नाही, त्याच्या लक्षात काही येतच नाही. मग त्याची मुदतही सुरू होत नाही.

पिरनवाडीसारख्या नगरपंचायतीने हे सारे स्वतः करावे, अशी अपेक्षा अवाजवी ठरेल. तिच्याकडे एक-दोन संगणक चालक असतात, तेही कंत्राटी. तालुका किंवा जिल्हा स्तरावर एक छोटे देखरेख केंद्र, तिन्ही पाळ्यांत प्रत्येकी दोन माणसे, आणि राज्याच्या केंद्राशी जोडणी, एवढे पुरे होईल. माणसे मिळणार नाहीत, ही तक्रार तर या गावाबाबत हास्यास्पद वाटते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि दोनशेहून अधिक अभियांत्रिकी महाविद्यालये संलग्न असलेल्या विद्यापीठाचे मुख्यालय पिरनवाडीच्या उंबऱ्याशी आहे. हे विद्यापीठ स्वतः उत्तरपत्रिकांचे मूल्यांकन संगणकावर करते, म्हणजे जाळे क्षणभरही ढळू न देण्याची गरज त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षातील मुलामुलींना प्रकल्प म्हणून कागदी प्रतिकृती करायला लावण्यापेक्षा परिसरातील दहा कार्यालयांच्या टोकांवर मोजणी यंत्रे बसवून सहा महिने नोंद घ्यायला सांगावे. निकाल कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत कार्यालयाच्या दारावर लावता येईल.

गोव्याला तर आकाराचा फायदा आहे. १२ तालुके आणि १९१ ग्रामपंचायती. राज्याचे ब्रॉडबँड जाळे पंचायतींपर्यंत गेलेले आहे. कर्नाटकाला हजारो टोके मोजायची आहेत. गोव्याला काही शेकडा. जलस्रोत खात्याचा अनुभव जमेस धरून सरकारने सर्व खात्यांच्या सर्व्हरची एक यादी तरी जाहीर करावी: कोणता सर्व्हर कोठे आहे हे नव्हे, ती माहिती गुप्तच राहावी, पण प्रत्येक नागरी सेवा गेल्या महिन्यात किती तास बंद होती, बंद पडल्याची खबर यंत्रणेला आधी मिळाली की नागरिकाच्या तक्रारीतून, आणि ती पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. तीन रकाने. रेल्वे आपल्या गाड्यांचा उशीर गाडीगणिक लोकांना दाखवते, तसा हा उशीरही दाखवता येईल.

त्यातला मधला रकाना विधानसभेत विचारण्यासारखा आहे. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकून पाहावा: गेल्या वर्षभरात खात्यांच्या किती सेवा बंद पडल्या, आणि त्यांपैकी किती घटना खात्याला नागरिकाच्या आधी कळल्या?